कोरडा कॉस्च्युम

सोमवार

आधी माफी. शुद्धलेखन माझं वाईट आहे आणि टायपिंग त्याहून. हा आईचा फोन आहे. एका कोपऱ्यात काच फुटलीय, तिथली अक्षरं दाब दाब दाबली तरच उमटतात, म्हणून काही शब्द मी टाळते. माफी कोणाची मागतेय माहीत नाही. हे कोणी वाचणार नाही.

दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, बोलता येत नसेल तर लिही. काय झालं ते लिही, काय वाटलं ते लिही. मी म्हटलं काही वाटत नाही. म्हणाल्या, मग तेच लिही.

काही वाटत नाही.

झालं लिहून.

बुधवार

काय झालं ते तरी लिहिते. मी पोहण्याच्या तलावावर काम करते. बायकांचे कपडे बदलायच्या खोल्या पुसायच्या, लॉकरच्या चाव्या द्यायच्या आणि पिळायच्या मशीनवर उभं राहायचं. ते लहानसं स्टीलचं पिंप आहे. त्यात ओला कॉस्च्युम टाकायचा, झाकण दाबून धरायचं, ते गरगर फिरतं आणि पाणी नळीतून खालच्या बादलीत पडतं. बाहेर जाताना प्रत्येकीने कॉस्च्युम पिळून न्यायचा असा नियम आहे, नाहीतर जिन्यावर पाणी गळतं आणि माणसं घसरतात. आई हेच काम करायची. ती गेल्यावर जागा रिकामी झाली. त्याच सुमारास माझं शाळेत जाणंही थांबलं होतं. कोणी काढलं नाही, भांडण नाही, नुसतं थांबलं. काकू म्हणाल्या ये, जागा रिकामीच आहे.

काकू म्हणजे इथल्या मॅनेजर. काउंटरवर बसतात. त्यांना वाटतं मला भूक लागत नाही, म्हणून रोज म्हणतात, आज माझा डबा जास्त झालाय, टाकून द्यायचा का. मग मी खाते. त्यांना अंदाज अजून जमत नाही.

लाइफगार्डला सगळे बगळा म्हणतात. उंच खुर्चीवर एक पाय दुमडून बसतो आणि पाण्याकडे बघत राहतो. तो मला रेडिओ म्हणतो, कारण मी बोलत नाही. आज म्हणाला, "रेडिओ, जरा आवाज कमी कर, डोकं दुखतंय." काकू हसल्या. मी पण हसायला हवं होतं बहुतेक.

आईचे गमबूट मला मोठे होतात. पुढे मोजे कोंबते.

शुक्रवार

आज एक गोष्ट झाली.

एक बाई येतात, सोबत मुलगी. मुलगी आठ-नऊ वर्षांची, मी तिला छोटी म्हणते, मनात. त्यांच्याकडे वर्षाचा पास आहे, घरातल्या सगळ्यांचा मिळून. पासावर एका काकांचा पण फोटो आहे, ते कधी आले नाहीत. छोटी पोहते, चांगली पोहते. बाई तेवढ्यात शॉवरला जातात. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येतो. बाहेर येतात तेव्हा केस विंचरलेले, अंगात कामाचा निळा अंगरखा, खिशावर चष्म्याचं चित्र शिवलेलं.

आज जाताना त्यांनी हिरवा कॉस्च्युम माझ्या हातात दिला. कोरडा होता. खडखडीत कोरडा, घडीसकट.

भिंतीवर पाटी आहे, शॉवर फक्त पोहणाऱ्यांसाठी. गरम पाणी फार जातं म्हणून वरच्या ऑफिसचे साहेब तपासायला येतात. कोरडा कॉस्च्युम आला की काउंटरवर सांगायचं असं मला पहिल्याच दिवशी सांगितलंय. काकू समोरच होत्या. बाई जमिनीकडे बघत होत्या. छोटी माझ्याकडे बघत होती.

मी तो पिंपात टाकला आणि झाकण दाबलं. बादलीत एक थेंब पडला नाही. बादली स्टीलची आहे, एरवी मोठा आवाज येतो. काकूंनी मान वर केली, मग पुन्हा खाली घातली आणि पेन शोधायला लागल्या. पेन त्यांच्या कानावर होतं.

मी का केलं माहीत नाही. सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

रविवार

आता मी असं करते. हिरव्या ताईंनी कॉस्च्युम दिला (नाव माहीत नाही, रंगावरून म्हणते) की मी तो आडोशाला नेते. तिथे पोछा धुवायचं बेसिन आहे. नळाखाली धरते, चिंब करते, मग मशीनला लावते. बादलीत धो धो पाणी. काकूंना काही कळत नाही.

ताई काही बोलत नाहीत. मी पण नाही. ओला कॉस्च्युम घेतात आणि जातात.

मंगळवार

त्या नळाला फक्त गार पाणी येतं. बोटं बधिर होतात. बधिर झाली की बरं वाटतं. बरं नाही, सारखं वाटतं. आतबाहेर सारखं.

काकूंनी चाव्या देताना माझा हात धरला. म्हणाल्या, "बर्फ झालाय नुसता. शेजारचा गरम नळ वापरत जा की. मी काय मोजायला येतेय?"

मी म्हटलं, "फरशी गार पाण्यानेही पुसली जाते."

"हो हो," म्हणाल्या, "फरशीचंच म्हणतेय मी."

गुरुवार

सकाळी पहिल्या बसने लवकर पोचले. तलावाच्या मागे बॉयलरची खोली आहे, तिथून भिंतीतून गरम वाफ बाहेर येते. त्या भिंतीला चिकटून एक जुनी गाडी उभी होती. काचा आतून घामेजलेल्या. एका काचेवर बोटाने काढलेला मासा होता.

माशाच्या रेघांमधून आतलं दिसलं. पुढच्या सीटवर निळा अंगरखा हँगरला लावलेला, चुरगळू नये म्हणून. मागे पांघरुणाचा ढीग, त्यातून छोटीचा पाय. आणि गाडी चालवायच्या चाकावर हिरवा कॉस्च्युम वाळत घातलेला.

मी मागे फिरले. खडीवर आवाज होऊ नये म्हणून गमबूट काढून मोज्यांवर चालले.

माझ्या मनात एवढंच आलं की चाक भिजलं असेल.

घरी बाबांना सांगावंसं वाटलं. ते चहा करत होते. ते अजून तीन कप काढतात. मग एक परत ठेवतात. तो ठेवून होईपर्यंत मी थांबले, आणि मग सांगायचं राहून गेलं.

रविवार

छोटी माझ्याशी बोलते. मी उत्तर देत नाही याचं तिला काही नाही. आज मशीनजवळ उभी राहून म्हणाली, "आमची आई चष्म्याच्या दुकानात आहे. अजून पक्की नाही. मालक म्हणतो, गिऱ्हाइकाच्या इतकं जवळ जायचं तर माणूस स्वच्छ पाहिजे. चष्मा घालून बघताना तोंडाशी तोंड येतं ना." मग म्हणाली, "पक्की झाली की आम्ही खोली घेणार. मला वरचा पलंग."

ताई आतून म्हणाल्या, "गप्पा पुरे. चप्पल घाल."

मी विचार केला, पक्की होईपर्यंत मी कॉस्च्युम भिजवीन. त्यात काय. काही जात नाही माझं.

शनिवार

आज लिहायचं नव्हतं. अक्षरं दोनदोनदा येतायत.

बगळ्याची पाठ धरली म्हणून तो आला नाही. त्याच्या जागी दुसऱ्या तलावावरचा नवा मुलगा पाठवला. उथळ भागातल्या फरशा निघाल्यात, म्हणून तो भाग दोरी बांधून बंद. ते बघायला साहेब आले होते. काकू त्यांना फरशा दाखवत होत्या.

ताई आणि छोटी आल्या. नवा म्हणाला, आज फक्त खोल पाणी, लहान मुलांसोबत मोठं माणूस पाण्यात हवं. छोटीचं तोंड पडलं. ताई म्हणाल्या, "जाऊ दे मग, आज राहू दे." आणि शॉवरच्या दाराकडे वळल्या.

साहेबांनी तेवढ्यात विचारलं, "या पोहत नाहीत?"

नव्या मुलाने माझ्याकडे बघितलं. मी जवळ होते, हातात पोछा. म्हणाला, "तू रोज असतेस ना इथे? या पोहतात का?"

मी मान हलवली. हो.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आभार मानतायत.

"मग उतरा की," नवा म्हणाला. "मुलगी खट्टू झालीय."

त्या कपडे बदलून आल्या. हिरवा कॉस्च्युम मी पहिल्यांदाच अंगावर बघितला. शिडीने उतरल्या आणि कडेचा दांडा धरला, दोन्ही हातांनी. छोटी सुळकन पुढे गेली आणि ओरडली, "आई, बघ." त्यांनी बघितलं. शेजारी कोणीतरी धप्पकन उडी मारली, लाट आली, आणि दांड्यावरचे हात दिसेनासे झाले.

आवाज काहीच झाला नाही. मला वाटायचं माणूस बुडताना आरडाओरडा होतो. पाण्यात फक्त हिरवं दिसत होतं, खाली खाली.

नवा त्या उडी मारणाऱ्याला दम देत होता. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण जीभ टाळ्याला चिकटली. मग मी मशीनखालची स्टीलची बादली ओढली आणि फरशीवर आपटली. सगळी माणसं वळली. मी बोट दाखवलं.

नव्या मुलाने बाहेर काढलं त्यांना. खोकत होत्या, नाकातोंडातून पाणी. छोटी गुडघ्यावर बसून त्यांचे केस मागे करत होती, मोठ्या माणसासारखी. म्हणत होती, "मी होते ना. मी होते ना."

साहेब म्हणाले, "यांना पोहता येत नाही. मग रोज येऊन करतात काय?"

ताईंनी डोळे मिटून घेतले. मी बादली धरून उभी होते, तिला पोचा पडलाय.

काकू म्हणाल्या, "शिकतायत."

"कुठे शिकतायत?"

"मोठ्यांच्या वर्गात. सकाळचा असतो."

"असा वर्ग आहे हे मला कोणी सांगितलं नाही."

"आत्ता सांगतेय की."

साहेबांनी काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "ठीक. गुरुवारी येतो वर्ग बघायला. आणि एका माणसाचा वर्ग नसतो, लक्षात ठेवा."

असा कुठलाही वर्ग नाही. मला सगळ्या वेळा पाठ आहेत.

ताई शॉवर न घेताच गेल्या. ओल्या केसांवर अंगरखा चढवला, मागून पाठ भिजत गेली.

मी मान हलवली म्हणून झालं. बाकी कशामुळे नाही.

सोमवार

त्या आल्या नाहीत. कालही नाही. बॉयलरमागे गाडी नाही. भिंत तशीच गरम आहे.

काकूंनी मला रागावायला हवं होतं. मी वाट बघत होते. त्यांनी डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "वर्गाला दोन माणसं लागतात. एक त्या. दुसरं कोण?"

मी म्हटलं, "कोणी बाहेरचं."

"बाहेरच्याला काय सांगू? आणि कोणाकोणाला सांगू?" मग म्हणाल्या, "तुला येतं पोहायला?"

नाही येत. वर्षभर पाण्याशेजारी उभी आहे, पण घोट्याच्या वर कधी भिजले नाही.

"बरं," काकू म्हणाल्या. "आणि त्यांना बोलवायला पण कोणीतरी जावं लागेल. मी गेले तर त्यांना वाटेल जाब विचारायला आले. बगळा गेला तर वाटेल वसुली."

मी म्हटलं, "मला बोलता येत नाही."

काकू म्हणाल्या, "येत नाही की नको वाटतं?"

मी डबा खाल्ला. काय होतं त्यात आठवत नाही.

मंगळवार

बाजारात चष्म्याचं दुकान एकच आहे. मी समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभी राहिले. काचेतून ताई दिसत होत्या. केस तेलकट झालेले, घट्ट बांधलेले. मालक लांब गल्ल्यावर होता, पण सारखा बघत होता.

आत गेले. त्यांनी मला ओळखलं आणि चेहरा पांढरा पडला. मग एकदम गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात म्हणाल्या, "या. फ्रेम बघायचीय का?"

मी मान हलवली. पुन्हा तेच, मान हलवली.

त्यांनी माझ्या डोळ्यांवर एक फ्रेम चढवली. आरसा धरला. खरंच तोंडाशी तोंड येतं. त्या श्वास रोखून होत्या.

"कशाला आलीस?" ओठ न हलवता म्हणाल्या.

मी आरशातल्या माझ्याशी बोलले. तसं सोपं जातं. म्हटलं, "सकाळी वर्ग आहे. गुरुवारपासून. मोठ्यांचा. तुमचं नाव घातलंय."

"मी पुन्हा पाण्यात पाय ठेवणार नाही." मग मोठ्याने, "ही जरा रुंद होतेय, दुसरी बघू."

दुसरी चढवली. मी म्हटलं, "फरशा बसवल्यात. उथळ आहे. छातीपर्यंतच येतं."

"तू बघितलंयस ना मला. तुला काय वाटतं?"

"मला पण येत नाही."

"तुला?" त्यांनी आरसा खाली केला. "तू तर तिथेच असतेस."

"मी पुसते."

त्यांच्या नाकातून एक आवाज आला. हसू होतं की काय, माहीत नाही. मालकाने बघितलं. त्यांनी तिसरी फ्रेम उचलली.

म्हटलं, "तुम्ही आला नाहीत तर मी एकटी. एका माणसाचा वर्ग नसतो. वर्ग नसला तर शॉवर नाही."

त्या फ्रेम पुसत राहिल्या. म्हणाल्या, "तो कॉस्च्युम तू ओला का करायचीस?"

"पाणी पडल्याचा आवाज यायला हवा म्हणून."

"गाडीत वाळायचा नाही गं तो. सगळ्याला दमट वास लागायचा. अंगरख्याला अत्तर मारून यायचे मी इथे." मग म्हणाल्या, "आणि रोज मनात म्हणायचे, ही मुलगी निदान मशीनमध्ये घट्ट पिळून देते, देव तिचं भलं करो."

मालक म्हणाला, "काय ठरलं?"

"विचार करून सांगते म्हणतेय," ताई म्हणाल्या.

मी चष्मा न घेताच बाहेर आले. आईच्या नंतर एवढं कोणाशी बोलले नव्हते. घरी येऊन झोपले, कपड्यांसकट.

बुधवार

बगळा परत आला. पाठीला पट्टा बांधून. वर्ग तोच घेणार. म्हणाला, "या बाई पाण्यात कधी उतरत नाहीत हे त्या नव्याला कसं कळलं नाही? मला विचारायचं. मी महिनोन्महिने बघतोय, पाण्यात एकटी पोरगीच असते."

मला वाटायचं बगळ्याचं बायकांच्या खोलीकडे लक्ष नसतं. नसतंच. त्याचं लक्ष पाण्यावर असतं.

काकूंनी मला एक कॉस्च्युम दिला, काळा, कोणीतरी विसरून गेलेला. घरी घालून बघितला. आरशात बघितलं नाही. अंगावर एवढं कमी घालून माणसांसमोर जायचं म्हणजे. उद्या ताप आला तर बरं.

गुरुवार

ताप आला नाही.

सकाळी बॉयलरमागे गाडी उभी होती. काचेवर दोन मासे.

ताई टॉवेल गुंडाळून बाकावर बसलेल्या. मी पण टॉवेल गुंडाळून दुसऱ्या टोकाला. कोण आधी टॉवेल काढतं असं चाललं होतं. छोटी कडेला पाय सोडून बसली होती, म्हणाली, "आई, दांडा सोडलास तरी चालेल. इथे उभं राहता येतं. मी मुद्दाम बघून आले."

बगळा म्हणाला, "रेडिओ, चालू हो. सेल घातलेत ना?"

मी टॉवेल काढला.

उतरलो. दांडा धरून उभ्या राहिलो. साहेब आले, हात मागे बांधून. बगळा म्हणाला, आता श्वास घ्या आणि तोंड पाण्यात घाला. ताईंनी घातलं नाही. बोटं दांड्यावर पांढरी झालेली. साहेब बघत होते.

मी तोंड पाण्यात घातलं. आत काही ऐकू येत नाही. पाणी कोमट आहे, हे मला माहीत नव्हतं. इतके दिवस त्याच्या शेजारी उभी आहे. कोमट, आणि डोळ्यांना झोंबतं. वर आले तेव्हा ताई माझ्याकडे बघत होत्या, मग त्यांनी डोळे मिटले आणि तोंड बुडवलं. वर आल्या, खोकल्या, पुन्हा बुडवलं.

साहेब म्हणाले, "बराच प्राथमिक वर्ग आहे."

काकू म्हणाल्या, "सुरुवात अशीच असते."

ते गेले.

मग शॉवर. ताई बराच वेळ आत होत्या. मी कपडे बदलून मशीनवर आले. त्यांनी हिरवा कॉस्च्युम दिला, जड, गळणारा. मी सवयीने आडोशाला निघाले, मग थांबले आणि तसाच पिंपात टाकला. झाकण दाबलं. बादलीत पाणी पडलं. पोचा पडल्यापासून तिचा आवाज बदललाय.

काकू काउंटरवरून उठून आल्या, बादलीवर वाकल्या. म्हणाल्या, "आज पहिल्यांदा याला तलावाचा वास येतोय."

मी विचारलं, "आधी कशाचा यायचा?"

"कशाचाच नाही. पुस तिकडे, पाणी सांडलंय."

ताई केस विंचरून निघाल्या. दाराशी थांबल्या. म्हणाल्या, "उद्या?"

मी म्हटलं, "हो." मान हलवली नाही, म्हटलं.

डोळे अजून झोंबतायत. बगळा म्हणतो पाण्यातल्या औषधाने होतं, जाईल. दवाखान्यातल्या बाईंना हे सांगायचं की नाही ठरवलं नाही.

बाबा आत्ता हाक मारतायत. पाव खाताना त्यांचा पुढचा दात पडला. तळहातावर घेऊन बसलेत आणि, पूर्वी आईला विचारायचे तसं, मला विचारतायत, याचं आता काय करायचं असतं.